म्हशीला जागा

सांगलीच्या घाटावर तो रोज आपली म्हैस धुवायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, कारण आमची ओळखच जरा वाईट झाली. रिमोटवर चालणारी माझी पहिलीवहिली होडी मी थेट त्याच्या म्हशीच्या शिंगावर नेऊन आदळली. सुकाणूची जोडणी मी उलटी केली होती. डावीकडं वळवली की होडी उजवीकडं जायची, आणि उजवीकडं म्हैस डुंबत होती.

मला वाटलं, आता शिव्या. पण त्यानं होडी उचलली, पाणी निथळू दिलं आणि आत वाकून बघितलं. पुरातून लोकांना काढतात तशी होडी मी बनवली होती. नारिंगी रंग, कडेनं दोर, आणि आत काडेपेटीच्या काड्यांची बाकं. त्या बाकांपायी माझ्या सगळ्या सुट्ट्या गेल्या होत्या.

"लय झ्याक केलीया. पर म्हस कुटं हुबी ऱ्हाणार?"

"दादा, ही माणसांसाठी आहे."

"व्हय, पुरात होडीवालेबी त्येच म्हणाले. आमाला घेतलं, हिला न्हाई. दावं सोडलं, तर होडीमागं पवत आली बघा, पार रस्त्यापातुर."

एवढं सांगून तो पुन्हा म्हशीची पाठ घासायला लागला.

घरी जाऊन मी सगळी बाकं उपटली. दुसऱ्या दिवशी मोकळी होडी त्याला दाखवली. त्यानं आत पंजा टेकवून बघितला.

"आता मावंल," तो म्हणाला. "पर जरा लांबनंच चालवा. होडी दिसली की हिला अजून राग येतो."