धाकटीची पेज

माणूस माणसावर जळतो, त्यात नवल नाही. मी एका भांड्यावर जळले, आणि तेही चांगलं आठ-नऊ महिने.

ते भांडं मुंबईहून आलं. माझ्या धाकट्या जावेने सासूबाईंसाठी पाठवलं. खोका एवढा मोठा की कुरियरवाला जिना चढून दारात टेकला तेव्हा ह्यांना वाटलं टीव्हीच आला. आतून निघाला काळाभोर, गुळगुळीत कुकर. विजेवर चालणारा, झाकणावर काचेची पट्टी, तिच्यात उजळणारे आकडे आणि चौदा बटणं. भात, खिचडी, दही, केक, सगळं म्हणे आपोआप. किंमत खोक्यावर छापलेली होती आणि ती खोडायची तसदी जावेने घेतली नव्हती. मी ती दोनदा वाचली.

"पेज करायला एवढं?" मी ह्यांना म्हटलं.

"तुझाच त्रास वाचवतेय ना ती," हे म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा गावचं घर बंद करून आम्ही त्यांना इथे रत्नागिरीत आमच्या ब्लॉकमध्ये आणलं. त्याला आता सहा वर्षं झाली. दात चारच उरलेत. सकाळी त्यांना पेज लागते, चहा-बिस्किटाला त्या हात लावत नाहीत. पेज म्हणजे तरी काय? उकडे तांदूळ, पाणी आणि मीठ. सोबत खारातल्या कैरीची फोड. चमचा त्यांना चालत नाही. खाली आवारात फणस आहे, त्याचं पान दुमडून, त्याला माडाच्या झावळीच्या हिराची काडी टोचून त्या स्वतः चमचा करतात आणि त्याने पितात. स्टीलची चव जिभेला लागते म्हणतात.

तर ही पेज मी सहा वर्षं केली. पहाटे पाचला उठायचं, आधण ठेवायचं, तांदूळ वैरायचे आणि मंद आचेवर शिजू द्यायचे. शितं फुलली की पळीच्या पाठीने टोपाच्या कडेला चेपायची, म्हणजे पाणी आणि दाणा वेगळे राहत नाहीत, पेज मिळून येते. हे मला कुणी शिकवलं नाही. त्यांचे दात जसजसे पडत गेले तसतशी मी चेपायला लागले. मग डबे, आंघोळ आणि साडेनऊला ऑफिस. सहा वर्षांत त्यांनी एकदाही "पेज चांगली झाली" असं म्हटलं नाही. मीही कधी विचारलं नाही, कारण पेजेत विचारण्यासारखं काय असतं, असंच मला वाटायचं.

भांडं आलं त्या संध्याकाळी जावेचा फोन आला. "वहिनी, किती लवकर उठता हो तुम्ही! आता रात्रीच तांदूळ-पाणी घालायचं, वेळ लावायची आणि झोपायचं. सहाला पेज तयार."

याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. पण वरवर मी "हो गं, छानच झालं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता त्या भांड्याने गाणं म्हटलं. खरंच. पेज झाली की ते बारीक आवाजात एक धून वाजवतं, लहान मुलांच्या खेळण्यासारखी. बाहेरच्या खोलीत खाटेवर सासूबाई दचकून उठल्या. मी सांगितलं, पेज झाली. त्या खोकल्या. हसायचं असलं की त्या आधी खोकतात, ही त्यांची सवय आहे.

"वाजली काय गो धाकटीची पेज?"

धाकटीची! तांदूळ माझे, पाणी माझं, धुतले मी, बटण दाबलं मी. मी वाडगा घ्यायला आत वळले.

वाडग्यात ओतताना पाहिलं, तर खाली दाणे आणि वर पाणी. उकड्या तांदळाचं तंत्र त्या चौदा बटणांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मला आनंद झाला. हो, झाला. आता म्हणतील, बाय, ही कसली पेज, तू आपली गॅसवर कर. मी दारातच उभी राहिले. त्यांनी फणसाच्या पानाने एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "बेस हाय."

मग रविवारी फोनवर, स्पीकर लावून, सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल अशा आवाजात: "तुजी पेज बेस हाय गो बाय! रोज सकाळी वाजते!" वर शेजारच्या काकू आल्या तर त्यांनाही तेच. धाकटीने पाठवली, धाकटीला कळतं, धाकटी लांब असून आठवण ठेवते. पिकतं तिथे विकत नाही, हे मी ऐकून होते. पण मी पिकवत होते आणि विकलं जात होतं तिच्या नावावर, हे नवीन होतं.

ऑफिसात डोकं लागेना. आवक-जावक करताना मध्येच वाटायचं, सहा वर्षांच्या पहाटा कुठे गेल्या? जावेने वर्षात दहा दिवस यायचं, येताना सुक्या मेव्याची पाकिटं आणायची आणि जाताना डोळे पुसून घ्यायचे. आणि मी? मी होतेच. होतेच, म्हणजे भिंत असते तशी. मला त्या भांड्याचा राग नव्हता खरं तर, हेवा होता. ते एकदा धून वाजवायचं आणि कौतुक मिळवायचं. मी कधी वाजलेच नाही.

आठवडाभर मी बटणच दाबत राहिले. पाहू, किती दिवस बेस म्हणतात! आठव्या दिवशी लक्षात आलं की त्या अर्धी पेजच पितात. उरलेली खिडकीच्या कठड्यावर कावळ्यांसाठी जाते. कावळे खूश होते. सासूबाईंच्या पोलक्याच्या बाह्या मात्र दंडावर सैल पडायला लागल्या होत्या.

त्या बाह्या पाहिल्या आणि माझा हट्ट संपला. मत्सर असला तरी म्हातारीला उपाशी ठेवून तो पोसायचा नाही, एवढी अक्कल मला आहे. दुसऱ्या दिवशी पाचला उठले, गॅसवर टोप चढवला आणि पेज केली, शितं चेपून. अगदी दबकत, पळीचा आवाज न करता. आणि इथेच मी ती चूक केली, जी कुठल्याही शहाण्या बाईने केली नसती. सरळ सांगायचं सोडून मी त्या भांड्यात नुसतं पाणी भरलं आणि बटण दाबलं. का? तर सहा वाजता धून वाजायला हवी. वाजली नाही तर त्या विचारणार, यंत्र बिघडलं काय गो, मग फोन मुंबईला, मग जाऊ म्हणणार, वहिनींनी बिघडवलं. शिवाय आत कुठेतरी मला परीक्षाही घ्यायची होती. आज फरक कळलाच पाहिजे.

धून वाजली. मी वाडगा नेऊन दिला. त्यांनी पूर्ण पेज प्यायली, पानाने वाडगा निपटला आणि म्हणाल्या, "आज तं एकदम झाक. धाकटीचं मशीन आता हितलं पाणी शिकलं बग."

मी आत येऊन ओट्याला धरून उभी राहिले. रडू येत होतं आणि स्वतःचं हसूही येत होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो नागोबा ओट्यावर बसला होता, काळाभोर, आणि त्याच्या पोटात नुसतं पाणी उकळत होतं.

तेव्हापासून तोच क्रम. गॅसवर पेज, यंत्रात पाणी. ते पाणी मी ह्यांच्या दाढीला द्यायचे. रत्नागिरीत इतक्या महागड्या भांड्यात तापलेल्या पाण्याने दाढी करणारा दुसरा माणूस नसेल. शेजारच्या काकूंनी एकदा ती पेज चाखली आणि मुलाच्या मागे लागून तसलंच भांडं मागवलं. पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन आल्या, आमची तशी मिळून येत नाही, तुम्ही कुठलं बटण दाबता? मी म्हटलं, खिचडीचं, पण दोनदा दाबा. देवाने मला याची शिक्षा द्यावी, मी तक्रार करणार नाही.

मे महिन्यात जाऊ आली, मुलांना आणि धाकट्या दिरांना घेऊन. आल्याआल्या ओट्यापाशी जाऊन तिने त्या भांड्यावरून असा हात फिरवला जसा आपण दुसऱ्याकडे ठेवलेल्या आपल्या मांजरावरून फिरवतो. "आता चार दिवस आईंची पेज मीच करणार. वहिनी, तुम्ही झोपा."

झोपले. म्हणजे पडून राहिले. सहाला धून वाजली. जावेने नाचतच वाडगा नेला. मी पडद्याआडून पाहत होते: खाली दाणे, वर पाणी. सासूबाईंनी घोट घेतला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बेस हाय गो माजे बाय." माझ्या पाठीवरून तो हात कधी फिरला होता ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. तीन दिवस हेच चाललं. तीन दिवस कावळे आले. जावेला कावळे दिसले नाहीत. सकाळी ती फोनवर असते.

चौथ्या दिवशी ती मंडळी समुद्रावर गेली, हेही गेले. मी भाजी निवडत होते. खाटेवरून हाक आली.

"बाय, वायच पेज करतंस काय?"

"सकाळी झाली की तुमची."

"ती नको. तुजी कर. पळीवाली."

माझ्या हातातली चवळीची जुडी तशीच राहिली.

"पळीचा आवाज यायचा मना," त्या म्हणाल्या. "पाचला. तू दबकत फिरवायचीस, तरी यायचा. आता मशीनला पळी कश्याला लागते, सांग?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्याशी कधी वरच्या आवाजात बोलत नाही, त्या दिवशी बोलले.

"मग इतके महिने तिचं कौतुक का करत होतात? फोनवर, शेजारणीपाशी, सगळ्यांपाशी?"

त्यांनी फणसाचं पान उचललं, दुमडलं, हीर टोचला. घाई नव्हती त्यांना.

"ती लांब हाय. लांबच्याला काय द्यायचं? बोलच देयाचा. दुसरं काय हाय माज्याकडं?"

"आणि जवळच्याला?"

त्यांनी हीर नीट बसलाय का ते नखाने चाचपून पाहिलं.

"मग मीच जाते मुंबईला," मी म्हटलं. "मी तिकडून पाठवते एखादं मशीन. मलाही मिळेल बोल."

"तू गेलीस तं मी खाऊ काय?" त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं, भीतीने.

समाधान झालं, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण पुरतं झालं नाही. मला अजूनही ते शेजारच्या काकूंसमोर हवं होतं, स्पीकरवर, मुंबईला ऐकू जाईल असं. एवढं मात्र खरं, की त्यांच्यासाठी पेज ढवळताना इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी पळी दबकत फिरवली नाही. दोन वाडगे प्यायल्या.

दुपारी मंडळी वाळूने भरलेले पाय घेऊन परतली. जावेने खाटेजवळचा निपटलेला वाडगा पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "आई, सकाळची सगळी संपवलीत?"

"हां गो," सासूबाई म्हणाल्या. "तुजीच. बेस होती."

मी आत टोप घासायला घेतला. पळी उचलली आणि मुद्दाम, चांगली जोराने, टोपावर आपटली.

बाहेर खाटेवर सासूबाई खोकल्या.