पाण्याखालची पायरी

नवऱ्याने जेवणाला नावं ठेवली नाहीत म्हणून घाबरलेली बाई हैदराबादच्या साऱ्या तारनाक्यात एकच निघाली असती, ती म्हणजे चतुराबाई. तिचा नवरा निवृत्ती ताटावर बसला की चौकशी कमिटी बसल्यासारखा बसायचा. भात गिचका झालाय, आमटी आळणी आहे, ठेच्यात लसूण दिसत नाही. लग्न झाल्यापासून हे चालू होतं, आणि तिला त्याची इतकी सवय की मीठ घालतानाच ती मनात उत्तरं तयार ठेवायची. दोन हजार चौदाच्या संक्रांतीनंतर मात्र निवृत्ती समोर येईल ते खाऊ लागला. एकदा तिने मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. त्याने मुकाट्याने वाटी संपवली, ताट मोरीत ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला. चतुराबाई भांडी घासता घासता रडली.

तिची गोष्ट अशी मधूनच सांगून भागायची नाही. तिचा बाप मराठवाड्यातला, बिलोलीकडचा, हैदराबादेत एका सरकारी कचेरीत चपराशी. छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा मुंबईला जोडला, आणि कचेरीतली कितीतरी ओळखीची माणसं ट्रंका बांधून औरंगाबादेला निघाली. साहेबाने बापाला विचारलं, तुझं काय? बाप म्हणाला, "आत्ताच कुठं घरावर पत्रे घातलेत, साहेब." एवढ्यावर तो राहिला. लहानगी चतुरा दारात उभी राहून सामान लादलेले टांगे बघत होती. "लोकांनी विचार करून राज्य निवडलं, आमच्या बापाने पत्रे निवडले," असं ती अजून सांगते.

उन्हाळ्यात मात्र ती आजोळी, मांजरेकाठी जायची. तिथं मामाने कमरेला वाळका भोपळा बांधून तिला डोहात सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सुटला आणि ती पोरांच्याही पुढं जाऊ लागली. हैदराबादेत त्या विद्येला कोण विचारतो? मोठी झाल्यावर ती रेल्वेच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. बाळंतिणींच्या उशाशी तिची उमर गेली. पोहणं अंगात राहून गेलं, पेटीच्या तळाशी लग्नातलं लुगडं राहतं तसं.

निवृत्ती लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर. डब्यात चढायच्या पायऱ्या आणि धरायचे दांडे बसवणं हे त्याचं काम. रिटायर झाला, हार घालून घरी आला आणि ओट्यावर बसला तो बसलाच. तेव्हा गल्लीत यादगिरी मासे विकायला यायचा. घटकेसरकडच्या तलावावर पहाटे मासे धरायचे आणि मोपेडवर टोपली बांधून तारनाक्यात विकायचे, हा त्याचा धंदा. चतुराबाईने मासे निवडता निवडता त्याला म्हटलं, "आमचं माणूस बसून बसून गंजून चाललंय बघ."

यादगिरीने ओट्याकडे बघितलं. "अन्ना, कल सुबह चलते क्या? बैठनाइच है तो पानी पे बैठो."

निवृत्ती गेला. दुपारी परतला तो उन्हाने रापून, अंगाला माशांचा वास, आणि ताटावर बसल्याबरोबर म्हणाला, भाजी करपलीय. चतुराबाईने मनातल्या मनात यादगिरीला जय भीम घातला. त्या दिवसापासून वर्षानुवर्षं निवृत्ती त्याच्याबरोबर जात राहिला. यादगिरीची होडीही न्यारी. बाकीचे मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर टोपलीसारख्या गोल पुट्टीत बसायचे. याची होडी अ‍ॅल्युमिनियमची, आपण भांड्यांना जर्मन म्हणतो त्या जर्मनची. तलावाकाठचा एक रिसॉर्ट बंद पडला तेव्हा मालकाने ती भंगारात काढली होती, यादगिरीने उचलून आणली. चतुराबाई तिला पातेलं म्हणायची. "निघाले का पातेल्यात बसून?" असं विचारल्याशिवाय ती त्याला डबा द्यायची नाही.

मग त्या संक्रांतीला निवृत्ती पाण्यात पडला. जाळं ओढताना तोल गेला. पाण्यावर राहण्यापुरतं त्याला पोहता येत होतं, पण होडीत परत चढता येईना. यादगिरीने बगलेत हात घालून ओढलं की होडी कलंडायची आणि पाणी आत यायचं. जर्मनचा पातळ पत्रा, धरायला काही नाही. शेवटी यादगिरी म्हणाला, अन्ना, कडा पकडके रखो, छोडो मत. आणि त्याला तसाच लटकवून काठापर्यंत वल्हवत आणला. थंडीचं पाणी. काठाला लागल्यावर निवृत्तीची बोटं कडेवरून सुटेनात, यादगिरीने एकेक करून सोडवली.

त्यांचा मुलगा संभाजी दिलसुखनगरला बँकेत. त्याला कळल्याबरोबर तो आला आणि दारातूनच सुरू झाला. "बस करो अब, बाबा. मासे खायचे तर मार्केटमधून आणून देतो, जिते पाहिजे तिते." चतुराबाईनेही मान हलवली. त्या घटकेला तिला ते पटलंच होतं. पण पुढं आमटीचा प्रकार झाला, आणि तिच्या ध्यानात आलं की पाण्यातून बाहेर काढलेला माणूस घरात बुडत चाललाय.

यादगिरीही शरमेने गल्लीत यायचा बंद झाला होता. होळीच्या सुमाराला ती बसने तलावावर गेली. होडी काठावर पालथी पडली होती. तिने ती बोटाने वाजवून बघितली.

"यादगिरी, याला शिडी कामून नाही?"

"शिडी कायकू अक्का? मैं तो ऐसाइच चढता."

"तू मासा आहेस. माझा नवरा रेल्वेचा माणूस आहे."

यादगिरी हसला आणि मग हसायचा थांबला. दुसऱ्याच दिवशी होडी ट्रॉली रिक्षावर लादून तो तारनाक्याला आला.

निवृत्तीने आधी बघून न बघितल्यासारखं केलं. होडी ओट्यासमोर विटांवर ठेवली तशी पोरंटोरं जमली. यादगिरी म्हणाला, बाजूला लावून टाकू, हुक करून. निवृत्तीला ते सहन झालं नाही. "बाजूला लावलीस तर चढणाऱ्यासंगं होडी पण आडवी होईल. मागं लावायची, तिथं सपाट आहे." आणि तो चप्पल घालून खाली उतरला. त्यानंतर त्याला कुणी बोलवावं लागलं नाही. लालापेटच्या वेल्डिंगच्या दुकानातून स्टीलचा पाइप आणला. पत्रा पातळ, नुसते बोल्ट मारले तर फाटेल, म्हणून आतून जाड पट्टी लावली. स्टील आणि जर्मन अंगाला अंग लावून भिजत राहिले की जर्मन खाल्लं जातं, म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं. शिडी वापरून झाली की आत पडावी म्हणून बिजागऱ्या बसवल्या. चतुराबाई चहा नेऊन द्यायची आणि दोन शब्द ऐकायला थांबायची. चहात साखर जास्त झाल्याचं मात्र तो अजून म्हणत नव्हता. चव घेऊन बघावी इतकं मन अजून जागं झालं नव्हतं.

शिडी झाली तेव्हा मे सरत आला होता. समोरच्या दुकानावर पेंटर चढून पाटीवरचं आंध्र प्रदेश पुसत होता, दोन जूनला तेलंगण व्हायचं होतं. संभाजी आला, शिडी हलवून बघितली, म्हणाला, "दिसायला मजबूत आहे. पण बाबा स्वतः पाण्यातून चढून दाखवतील तरच जायचं, नैतर नक्को." निवृत्ती हातातला पाना पुसू लागला. पडल्यापासून तो पाण्याजवळ गेलाच नव्हता.

"आधी मी चढून बघते," चतुराबाई म्हणाली.

"माय, तू? कायकू तमाशा?"

"या घरात पोहणारी मीच आहे. तुझ्या बापाला पाण्यात भांडता पण येत नाही."

तिने पेटीच्या तळाचं लुगडं काढलं, कासोटा मारला आणि तिघांबरोबर तलावावर गेली. संभाजी काठावर हाताची घडी घालून उभा राहिला. होडी मध्यावर आली, तिथं अजून दोन पुरुष पाणी होतं. यादगिरीने तिच्या कमरेला दोर बांधला. ती कडेवरून उतरली, आणि अंगाने इतक्या वर्षांनंतर मांजरेचा डोह ओळखला. दोन हात मारून ती मागं शिडीकडे आली. दांडे हातात आले, झकास. पाय उचलला तर पायरीच नाही. खालची पायरी तिच्या हनुवटीसमोर. जोर लावला तसे पाय होडीखाली पळाले आणि ती उताणी झाली.

"पाय टाक की," वरून निवृत्ती म्हणाला.

"कुठं टाकू? तुमच्या डोक्यावर?"

पुन्हा केलं, पुन्हा तेच. लटकल्या लटकल्या तिला उमगलं. होडी विटांवर ठेवून, स्वतः शेजारी जमिनीवर उभं राहून, गुडघा उचलून त्याने पहिल्या पायरीची उंची धरली होती. जन्मभर ज्या मापाने डब्याला पायरी लावली तेच माप.

"अहो, ही डब्याची पायरी आहे," ती धापा टाकत म्हणाली. "खाली जमीन आहे असं समजून लावलीत. इथं जमीन कुठंय?"

निवृत्ती शिडीकडे बघत राहिला. यादगिरीने कपाळावर हात मारून घेतला. आता तिला वर घ्यायचं कसं? शेवटी तेच करावं लागलं, जे संक्रांतीला केलं होतं. ती कड धरून लटकली आणि यादगिरी वल्हवू लागला. पाणी उन्हाने कोमट होतं, तरी अर्ध्या वाटेत बोटं दुखू लागली. मान वर केली तर फक्त पत्रा दिसायचा, माणूस नाही. थंडीत हा असाच आला, हे तिने तोवर नुसतं ऐकलं होतं. काठ जवळ आला तसा होडीपाशी धप्पकन आवाज झाला. निवृत्ती छातीभर पाण्यात उतरला होता. त्याने येऊन तिच्या बगलेत हात घातला. "सोड आता," तो म्हणाला, "धरलंय मी." काठावर बसून लुगडं पिळताना तिने बघितलं, त्याचा सदराही चिंब होता, आणि त्याचं लक्षच नव्हतं.

त्या रात्री निवृत्ती जेवला तो मोजपट्टी शेजारी ठेवून. सकाळी त्याने चतुराबाईला ओट्याच्या कडेवर पाय सोडून बसवलं. "पाण्यात आहेस असं समज. पाय कुठवर सहज येतो?" तिने गुडघा उचलून दाखवलं. "इथं. अन् त्याच्या खाली अजून एक हवी, थकलेल्या माणसाला." त्याने दोन पायऱ्या वाढवल्या, पाण्याच्या पातळीखाली पोचतील अशा. शिडी होडीखाली पळू नये म्हणून मागं दोन ठोकळे लावले, ते पत्र्याला टेकून तिला सरळ ठेवतील. पायऱ्यांवर पाय घसरू नये म्हणून रबर गुंडाळलं. ते काम चालू असतानाच दोन जून आला. फटाके वाजले, गल्लीत गुलाबी झेंडे लागले, यादगिरीने पेढे वाटले. चतुराबाई पेढा खात म्हणाली, "एका शहरात बसून माझं तिसरं राज्य झालं. आमच्या बापाचे पत्रे लई चिवट."

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा तलावावर. चतुराबाई आधी उतरली, आधी चढली, लुगड्यासकट, नाटकातल्या राणीसारखी. मग निवृत्तीची पाळी. तो कडेवर बसला, पाय सोडले आणि तसाच राहिला. काठावर संभाजीने हाताची घडी सोडली होती. यादगिरी वल्हं धरून दुसरीकडे बघत होता.

"अन्ना, जल्दी नै है," तो म्हणाला.

"पायरी आहे खाली," चतुराबाई म्हणाली. "मी आत्ताच तिच्यावर उभी होते. डोळ्याने दिसायची नाही, पायाने शोधा."

निवृत्ती उतरला. डोक्यापर्यंत गेला, वर आला, खोकला. हात दांड्यावर आले. चेहरा पांढरा पडलेला. पाणी ढवळलं, पाय कुठं कुठं गेला असेल. मग त्याचा चेहरा बदलला, आणि चतुराबाईला कळलं की पायरी सापडली. थकलेल्या माणसाची, सगळ्यात खालची. त्यावर तो थोडा वेळ नुसता उभा राहिला, दमेकरी जिन्यात थांबतो तसा. मग दुसरी, मग तिसरी, आणि गुडघा आत टाकून तो होडीत आला. होडी जराही कलंडली नाही. यादगिरी तोंड फिरवून डोळे पुसत होता. काठावरून संभाजी ओरडला, "बाबा, एक बार और करके दिखाओ." निवृत्तीने पुन्हा करून दाखवलं. या वेळी कुणी सांगायची वाट न बघता उतरला.

यादगिरीने शिडीला हळदकुंकू लावलं, पाण्याच्या देवीचं, गंगम्माचं नाव घेतलं. चतुराबाईच्या घरी तसलं काही करत नाहीत. तिने पदराने ओल्या पायऱ्या पुसल्या, एकेक करून, आणि यादगिरीला म्हणाली, "तू त्या दिवशी ओट्याकडे बघितलंस, ते मी विसरले नाही बरं." यादगिरीला कुठला दिवस ते आठवेना. तिनेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निवृत्ती डबा घेऊन गेला. "निघाले का पातेल्यात बसून?" तिने विचारलं. दुपारी परतला, चार मरळ घेऊन, उन्हाने रापून, हात धुऊन ताटावर बसला. चतुराबाईने आमटी वाढली आणि समोर बसली. त्याने एक घोट घेतला, थांबला, तिच्याकडे बघितलं.

"आळणी झालीय," तो म्हणाला.

आमटीत मीठ अगदी बरोबर होतं. तिने चाखून बघितलं होतं. एरवी तिने तसं सांगितलंही असतं. त्या दिवशी ती उठली, मिठाची बरणी आणली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली, आणि तो मीठ घालून घेईपर्यंत तिथंच उभी राहिली.