डोंगरावरून न आलेली हजेरी

पाच वॉट म्हणजे घरातल्या झीरोच्या बल्बइतकी वीज. तेवढ्यावर डोंगरावरून बोलायचं आणि बॅटरी पाठीवरून वर न्यायची, हा आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या मेळाव्याचा नियम. हा मेळावा चालवणारे, मला धरून, आम्ही बाराजण. शहरातल्या हिगाशी-कसाई वस्तीतून जाणारी मी एकटीच परदेशी, बाकी सगळे जपानी. याद्या माझ्याकडे, कारण बाकी कुणाला त्या करायच्या नसतात.

त्या शरद ऋतूत आमचा तळ नदीकाठच्या पार्किंगमध्ये होता. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सकाळी दुसरेच कुणी गप्पा मारत होते. त्यांना हटवायचं नाही, आपण सरकायचं, हा आमच्यातला शिष्टाचार. आठ वाजता सगळ्यांना गोळा करून मी नवा आकडा सांगितला. धुक्यात रेनकोटच्या टोप्या घातलेली डोकी मोजली. अकरा, म्हणजे मी सोडून सगळे. यादीत 'सर्वांना सांगितलं' अशी खूण केली आणि लोक आपापल्या डोंगरांकडे निघाले.

दहापासून दर तासाला प्रत्येकाने रेडिओवरून हजेरी द्यायची. दहा वाजता दहाजण बोलले. सेन्सेई बोलले नाहीत. सेन्सेई म्हणजे गुरुजी. आमच्यातले सर्वांत वयस्कर, ऐंशीच्या घरातले. वर मोबाइलला रेंज नाही. पायवाटेच्या तोंडाशी अस्वल दिसल्याची ताजी पाटी लावलेली.

अकरालाही त्यांचा आवाज नाही. मी घड्याळ, यादी, घड्याळ असं बघत राहिले. पेन धरलेली बोटं बधिर झाली होती. सव्वाअकराला जवळच्या टेकडीवरच्या दोघांना सेन्सेईंच्या वाटेने पाठवलं.

"अगं, चहा घे. पांढरी पडलीयस," नवरा म्हणाला. त्याच्याकडे रेडिओचं लायसन्स नाही. तो थर्मास सांभाळायला येतो.

"सकाळी कसे वाटत होते रे ते? थकलेले?"

"कोण, सेन्सेई? मी तर त्यांना पाहिलंच नाही आज."

"असं कसं? आठ वाजता अकराजण होते. मी मोजलेत."

"मलासुद्धा मोजलंस की! बोट दाखवलंस माझ्याकडे. म्हटलं, चला, बायकोच्या यादीत एकदाचा आलो."

म्हणजे अकरावं डोकं नवऱ्याचं होतं. सेन्सेई नेहमीसारखे पहिल्या बसने येऊन, आम्ही जमण्याआधीच वर गेले असणार. त्यांच्याजवळ जुनाच आकडा होता.

दुसरा रेडिओ जुन्या फ्रिक्वेन्सीवर लावला. गप्पा मारणारे गेले होते. नुसती खरखर. मी श्वास रोखला. खरखरीच्या तळाशी एक आवाज होता, ठरावीक अंतराने तेच तेच म्हणणारा.

"सेन्सेई! तळावरून बोलतेय. ऐकू येतंय का?"

"येतंय. दहा वाजल्यापासून बोलावतोय. मला वाटलं, सगळे घरी गेलात."

"तुम्ही आकडा का नाही बदलून पाहिलात?"

"हरवलेल्या माणसाने ठरलेली जागा सोडू नये. शोधणारे तिथेच येतात."

ते घसरले होते. वाटेच्या खाली, बांबूच्या दाटीत पडले होते. पाय हलत नव्हता. वरून जाणाऱ्या दोघांना ते दिसणं शक्यच नव्हतं. मी नवऱ्याला अँब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि एका रेडिओवर त्यांना, दुसऱ्यावर त्या दोघांना धरून बसले.

"डावीकडे ओढा लागला का? तिथे थांबा. सेन्सेई, शिट्टी वाजवा."

"वाजवतोय." आवाज आता तुटत होता. बॅटरी संपत आली होती, की ते? मला विचारवेना.

"बोलू नका. फक्त दर मिनिटाला बटण दाबा. एकदाच. तेवढी क्लिक ऐकू आली तरी पुरे."

एक क्लिक. दुसरी. तिसरी आलीच नाही. मी बटणावर बोट ठेवून बसले. मग दुसऱ्या रेडिओवर आरडाओरडा झाला: "सापडले! शुद्धीवर आहेत. थंडीने कुडकुडताहेत."

घोटा मोडला होता. इस्पितळाच्या दारात त्यांच्या पत्नी भेटल्या. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "दीड तास ते बोलावत होते म्हणे. ऐकायला कुणीच नव्हतं का?"

"मी होते," मी म्हणाले. "फ्रिक्वेन्सी बदलल्याचं त्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी सांगितलं नाही आणि सांगितल्याची खूण केली."

माफी मागत मी कमरेत वाकले आणि तशीच राहिले. त्यांनी सेन्सेईंच्या ओल्या मोज्यांची पिशवी माझ्या हातात दिली, "वाळवून उद्या आणून द्या," म्हणाल्या आणि आत गेल्या.