भट्टीच्या कडीवरचे जोडे

इद्रिसमियांचे जोडे भट्टीच्या दाराच्या कडीवरून मी उचलले, ते अत्यंत चांगल्या हेतूने. ज्या दारापुढे रोज सकाळी नारळ फुटतो, हळदकुंकू वाहिलं जातं, तिथे कातडी जोडे लोंबताहेत, हे माझ्यासारख्या नीटनेटक्या माणसाला बघवेना. मी ते दोन बोटांनी धरून कचेरीच्या पायरीशी नेले आणि इतर वहाणांच्या रांगेत टाचेला टाच लावून ठेवले. मागे सरून एकदा पाहिलंही. रांग छान दिसत होती.

हे नंदुरबारच्या एका जीनमध्ये घडलं. साल तिसाच्या पुढचं, महिना पौषाचा. कपाशीतली सरकी काढणाऱ्या कारखान्याला तिकडे नुसतं जीन म्हणतात. मी पुण्याकडून नुकताच कारकून होऊन आलो होतो आणि आल्या दिवसापासून जीनला वळण लावत होतो. हिवाळा म्हणजे जीनचा हंगाम. फाटकाबाहेर कपाशीच्या गाड्या, आत बॉयलर रात्रंदिवस पेटलेला आणि धुराड्यात काजळीचे थर. काजळी वाढली की धूर ओढला जात नाही, धूर ओढला गेला नाही की वाफ होत नाही आणि वाफ झाली नाही की शेठजी तापतात. म्हणून बाजाराच्या दिवशी भट्टी थंड ठेवून धुराडं साफ करायचं. दुपार कलली की भट्टी पुन्हा पेटवायची, म्हणजे सकाळपर्यंत वाफ तयार.

हे साफसफाईचं काम इद्रिसमियांचं. त्यांचे वडील हेच करायचे. अंगाने काटकुळे, दाढी मेंदी लावलेली, आणि स्वभाव असा की सगळ्या गावात आपल्याइतकं उंच कोणी चढलेलं नाही हे दिवसातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. काम काजळीचं, पण शौक पांढऱ्या कपड्यांचा. शुक्रवारी नीळ दिलेला कुडता घालून मशिदीकडे निघाले की रस्त्यातली धूळसुद्धा बाजूला होत असावी. माझी ओळख करून दिली तेव्हा माझ्या धोतराकडे बघून म्हणाले, "साहेब, दूर उभे राहा. माझी सावली पडली तर धोतर दोनदा धुवावं लागेल."

आत शिरण्याआधी इद्रिसमिया आपले जोडे भट्टीच्या कडीला अडकवत. जोडे कडीवर आहेत तोवर माणूस आत आहे आणि भट्टीला काडी लावायची नाही. बाहेर आले की ते स्वतःच जोडे काढून पायात घालत. हे पहारेकऱ्याला ठाऊक होतं, मोलगीकडून हंगामाला आलेल्या पहाडी मजुरांना ठाऊक होतं, फाटकाशी चहा विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं नाही. नव्या कारकुनाला 'विस्तवात हात घालू नका' असं तरी कोण सांगतं?

दुपार कलली. धानोऱ्याचा दोधू, आमचा भट्टीवाला, अंगावर घोंगडी घेऊन आला. त्याने कडीकडे पाहिलं. कडी मोकळी. त्याने अंजनाची लाकडं रचली, पळाटीचा, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचा, भारा कोंबला आणि काडी लावली. थोड्याच वेळात धुराड्यातून धूर निघाला. मी कचेरीच्या खिडकीतून तो पाहिला आणि काम वेळेवर सुरू झालं म्हणून मनातल्या मनात दोधूला शाबासकी दिली.

तेवढ्यात इद्रिसमियांची बायको हाजराबी भाकरीचं फडकं घेऊन फाटकातून आत आली. ती रोजच्या सवयीने सरळ भट्टीकडे गेली. नवरा कुठे आहे हे विचारायची तिला कधी गरज पडत नसे, कडीकडे बघितलं की कळायचं. आज तिने कडीकडे बघितलं, मग दाराच्या फटीतून दिसणारा जाळ बघितला, मग आजूबाजूला बघितलं.

"दोधू, वो किधर है?"

"बाहेर उना व्हई ना. जोडा नही कडीवर."

"घरी आला नाही. इथे नाही. मग गेला कुठे?" तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. "अरे, मेरा आदमी अंदर है!"

तिची किंकाळी कचेरीपर्यंत आली आणि माझ्या डोळ्यांपुढे ती छान दिसणारी रांग उभी राहिली. मी पायरीवर धावलो. रांगेच्या टोकाला लाल कातड्याचे जोडे, टाचेला टाच लावून.

मी ते हातात घेऊन धावत भट्टीशी गेलो. "हे... हे मी उचलले होते," एवढंच तोंडून निघालं. दोधूने एकदा माझ्याकडे, एकदा जोड्यांकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"मी देखीसनच काडी लावी," तो पुटपुटला. मग एकदम ओरडला, "लाकडं काढा! बाहेर ओढा सगळं!"

लांब आकडा घेऊन तो जळती लाकडं ओढू लागला. मीही एक सळई घेतली. पायाशी निखारे पडत होते, धोतराचा काठ जळाल्याचा वास येत होता, पण त्या वेळी धोतराची पर्वा कोणाला? भट्टीतला धूर जमिनीखालच्या विटांच्या भुयारातून धुराड्याच्या तळाशी जातो आणि तिथून वर. त्या तळाला एक लहान दार असतं, माणूस तिथूनच आत शिरतो. पहारेकऱ्याने ते दार उघडलं तर आतून धुराचा लोट त्याच्या तोंडावर आला. तो खोकत मागे सरला.

"इद्रिसभाई! ओ इद्रिसभाई!"

उत्तर नाही. आत काम चाललेलं असलं की विटांवर खरवडणीचा ठक ठक आवाज यायचा. तोही नाही. मजूर मान वर करून धुराड्याच्या टोकाकडे बघत होते, कदाचित वरून डोकं दिसेल. वरून फक्त धूर दिसत होता. हाजराबी त्या लहान दाराशी गुडघ्यांवर बसली होती आणि धुरातच तोंड घालून हाका मारत होती. दोघांनी धरून तिला मागे ओढलं, तर तिने दोघांनाही ढकलून दिलं.

मग ठक झालं.

पुन्हा ठक. पण तो आवाज धुराड्यातून येत नव्हता, भट्टीतूनही नाही. दोधूने मान वळवली. "जुना बॉयलर!"

शेजारीच एक बंद पडलेला जुना बॉयलर होता. त्याच्या भट्टीची वाट आतून त्याच भुयाराला मिळत होती. धूर आला तेव्हा इद्रिसमिया भुयारात असणार; धुराड्याच्या दाराची वाट धुराने अडवल्यावर ते त्या मोकळ्या फाट्यात शिरले असणार आणि सरपटत जुन्या भट्टीपर्यंत आले असणार. आता फक्त जुन्या भट्टीचं दार उघडायचं होतं.

ते दार दिसतच नव्हतं. त्याच्यापुढे रिकाम्या गोण्यांची छातीइतकी थप्पी लागली होती, चारी कोपरे काटकोनात. जागा रिकामी पडलीय म्हणून गेल्याच आठवड्यात मी ती रचून घेतली होती.

हे मी कोणाला सांगितलं नाही, सांगायची गरजही पडली नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी त्या थप्पीवर असा तुटून पडलो, की गोण्या थेट फाटकापर्यंत उडाल्या. आतला ठक ठक मंद होत चालला होता. दार मोकळं झालं, पण अडसर गंजून बसलेला. दोधूने घण उचलला. पहिला घाव, दुसरा घाव, अडसर हलेना. आतला आवाज थांबला. तिसऱ्या घावाला अडसर तुटून माझ्या पायाजवळ पडला आणि दार किंचाळत उघडलं.

आधी एक काळा हात बाहेर आला. मग डोकं, मग तोंडावर फडकं बांधलेले सगळे इद्रिसमिया. जमिनीवर पालथे पडून ते बराच वेळ खोकले. दाढीची मेंदी कुठे गेली होती कोण जाणे, डोळ्यांतलं पांढरं तेवढं माणसाचं वाटत होतं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा दोधूकडे पाहिलं.

"तुले मन्हा इतला कटाळा उना व्हता, तर तोंडवर सांगी देतास ना!"

दोधू हसायला गेला आणि रडला. हाजराबीने पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं, पदर काळा झाला तरी पुसतच राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, झाडू मारनेका इतना शौक है तो अपने घर में मारो!"

मी मान खाली घातली.

ऊन उतरू लागलं, गारवा वाढला. फाटकाबाहेर गाडीवाले शेकोट्या पेटवत होते. धुराडं अर्धंच साफ झालं होतं, आणि तसं ते ठेवलं तर उद्या काजळी गाडीवाल्यांच्या पांढऱ्या कपाशीवर पडणार. हाजराबी म्हणाली, पडू दे. इद्रिसमिया खरवडणी शोधत उठले. "गाव म्हणेल, इद्रिस म्हातारा झाला."

"गावाला जाऊ दे चुलीत! तू पुन्हा आत जायचं नाहीस," ती म्हणाली.

"जाना पडी, हाजरा."

ती काही केल्या ऐकेना. तिला खात्री हवी होती की बाहेर कोणीतरी जागचं न हलणारं माणूस असेल. दोधूवर तिचा विश्वास होता, पण आज काडी दोधूनेच लावली होती. मी पुढे झालो. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही निर्धास्त आत जा. तुम्ही बाहेर येईपर्यंत भट्टीच्या दाराशी मी स्वतः बसतो. कोणाला जवळ फिरकू देणार नाही. कशाला हातसुद्धा लावणार नाही."

इद्रिसमियांनी फडकं पुन्हा तोंडाला बांधायला घेतलं, माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "दारवर हाजरा बसी; तू मन्हासंगे आत चाल."