वरच्या दालनातलं लग्न

गोडलीव्हचा आवाज ऐकला नाही असा माणूस आमच्या चौकात सापडायचा नाही. उभा जन्म तिनं नगरभवनासमोरच्या शनिवारच्या बाजारात कोळंबी विकली. आमच्या फ्लँडर्स प्रांतात कायद्याचं लग्न लागतं ते नगरभवनातच, त्यामुळे दर शनिवारी नवरा-नवरी त्या जुन्या दगडी पायऱ्या उतरून थेट तिच्या टोपल्यांसमोर यायची.

"अरे ए, टाय सैल कर! आत्ताच गुदमरलास तर पुढं कसं व्हायचं?" ती ओरडायची, आणि वऱ्हाड हसत सुटायचं.

तिची स्वतःची मुलगी लहानग्या फेन्नाला तिच्याकडे टाकून गेली, ती परत आलीच नाही. फेन्नाला गोडलीव्हनंच वाढवलं. नात कमावती झाली आणि एका पहाटे गोडलीव्हची डावी बाजू गेली. बाजार सुटला, चाकाची खुर्ची आली. आवाज तेवढा शाबूत राहिला. मी शेजारीण, मार्लीन. तिचं उठणं-बसणं मीच बघायची.

फेन्नाचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "मी पहिल्या रांगेत बसणार. मधे कुणी उंच माणूस आला तर काठीनं बाजूला करीन."

लग्नाच्या दिवशी मी तिला निळी टोपी घालून बाजूच्या उतारावरून नेलं, तर नगरभवनाचा दरवान फिरमँ दारातच उभा. बाजारामुळं दोघांची जुनी ओळख.

"लीव्हताई, लिफ्ट बंद पडलीय गं. दुरुस्तीवाला सोमवारी येतो म्हणतोय."

"मग मी सोमवारपर्यंत इथंच बसू का रे?"

नवऱ्या मुलाच्या दोन भावांनी तिला खुर्चीसकट उचललं. पण तो जिना चारशे वर्षांपूर्वीच्या सडपातळ माणसांसाठी बांधलेला, वळणावळणाचा. पहिल्याच वळणावर खुर्ची भिंतीत अडकली, धाकट्याचा पाय घसरला आणि गोडलीव्ह किंचाळली. तिला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "खाली ठेवा मला! खाली ठेवा!"

लग्न लावणारे साहेब जिन्यातून खाली डोकावले. मी म्हटलं, "साहेब, इथं खालीच लावा ना."

"नाही हो लावता येत. लग्न ठरलेल्या दालनातच लागायला हवं, नाहीतर उद्या कुणी ते खोटं ठरवेल. आणि मागं दुसरं वऱ्हाड ताटकळलंय." माणूस वाईट नव्हता. बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

फेन्ना म्हणाली, "मग नकोच आज. पुन्हा कधीतरी लावू."

"वेडी का काय तू? पाहुणे आलेत, जेवण शिजलंय. चढ वर."

"आजी, तुझ्याशिवाय..."

"चढ म्हणते ना!"

सगळे वर गेले. खाली आम्ही दोघी आणि फिरमँ. वरून कुणीतरी फिरमँच्या मोबाईलवर लग्न दाखवायला लागलं, पण त्या जाड भिंतींत चित्र गोठलं ते साहेबांच्या उघड्या तोंडावरच. फिरमँनं फोन हलवला, दारापर्यंत नेऊन आणला. काही होईना. मग डोक्यावर टाळ्या वाजल्या.

"लागलं वाटतं," गोडलीव्ह म्हणाली. थोड्या वेळानं, "'हो' नीट बोलली असेल ना गं? आवाज बारीक आहे तिचा."

"बोललीच असणार."

फेन्ना धावत खाली आली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "ऊठ, कपडे मळतील," एवढंच आजी म्हणाली. पायऱ्यांवर माणसं तांदूळ उधळत होती. चौकातल्या सगळ्यांना वाटलं, आता हिचा टोमणा येणार. तो आला नाही.

लिफ्ट दुरुस्त झाली तसा फिरमँ स्वतः निरोप द्यायला घरी आला. मी गोडलीव्हला वर घेऊन गेले. रंगवलेलं उंच छत, भिंतीवर जुन्या सरदारांची चित्रं, आणि एका कडेला रचून ठेवलेल्या खुर्च्या. दालनात दुसरं कुणी नव्हतं. मी तिची खुर्ची मधोमध नेऊन उभी केली.

तिनं सगळीकडं पाहून घेतलं.

"फेन्ना कुठं उभी होती गं?"

मला कुठं ठाऊक होतं? मीही तिच्याबरोबर खालीच होते. मी एका खिडकीकडे बोट दाखवायला हात उचलला, पण तिच्या तोंडाकडे बघून तो खाली घेतला.

"माहीत नाही, लीव्ह."

"बरं," ती म्हणाली. आणि आम्ही दोघी तिथंच थांबून राहिलो.