सलीमच्या चपला आणि साहेबांचे बूट

मंडळी, आज सलीम भेटला आणि जुना जळफळाट पुन्हा उफाळला.

ऐंशीच्या दशकात आम्ही कोल्हापुरात एकाच ऑफिसात होतो. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं. सलीमच्या चपला कायम दाराबाहेर! कामाच्या वेळेत गडी आत बसून पेठेतल्या फुटबॉल सामन्यांचा हिशेब ठेवणारा स्वतःचा कॉम्प्युटर प्रोग्राम लिहायचा. मला त्या कॉम्प्युटरवर साधी बेरीज जमेना. शेवटी मी साहेबांना सांगितलंच.

साहेब बूट काढून आत गेले. मी बाहेर आरडाओरड्याची वाट बघत उभा. तासभर बूट हलले नाहीत. आतनं दोघांचं हसणं आणि फुटबॉलच्या गप्पा.

आज सलीम म्हणतो, "चुगली कुणी केलती, कळलंच न्हाय की. त्याच्यामुळं साहेब दोस्त झाले. गावला तर त्याला चहा पाजीन."

तो चहा माझा आहे. मागायचा कसा, सांगा की!