रुईचे कपाट

वनस्पती वाळवण्याची एक रीत आहे. फांदी जुन्या वर्तमानपत्रांत दाबायची आणि कागद रोज बदलायचे. आळस केला की बुरशी धरते. अंबडच्या आमच्या महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्र विभागात, किस्सेही असेच साठत गेले. त्यांचे कागद बदलायला आज बसलो आहे. कोणाची निंदा करण्याचा हेतू नाही. निंदा करण्याजोगे तेथे कोणी नव्हतेही.

विभागप्रमुख बोराडे सर. सय्यद मॅडम एकेकाळी त्यांच्या विद्यार्थिनी, पुढे सहकारी. मी प्रयोगशाळेत सहायक. मला सगळे मामा म्हणत.

सरांचे आयुष्य रुईच्या कुळात गेले. रुई, उतरण, हरणदोडी, खरचुडी असे माळामाळांवरून आणलेले नमुने त्यांनी एका मोठ्या लोखंडी कपाटात लावले होते. शेजारी कण्हेरीच्या कुळाचे लहान कपाट होते. त्यात कण्हेर, चाफा, सदाफुली. दोन्ही कुळे जवळची, फरक परागांचा. कण्हेरीचे पराग सुटे असतात. रुईचे पराग दोन इवल्या पिशव्यांत बांधलेले असतात आणि माशीच्या पायाला अडकून पुढच्या फुलावर जातात. सर वर्गात सांगत, "ज्याचं सामान बांधलेलं, त्याचं घर वेगळं."

मग विद्यापीठाचे नव्या अभ्यासक्रमाचे पत्रक आले. संशोधकांनी जनुके तपासली होती. रुईचे कूळ स्वतंत्र नाही, ती कण्हेरीच्याच कुळातली एक फांदी आहे, असे ठरले होते. यापुढे कूळ एकच आणि नाव कण्हेरीचे.

सरांनी ते पत्रक दोनदा वाचले, मोठ्या कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली खिशात घातली.

०

त्याच दिवशी सरांचा तास होता. त्यांनी रुईची फांदी रुमालात गुंडाळून वर्गात नेली. रुईचा चीक डोळ्याला घातक, हे ते प्रत्येक वर्षी बजावत. बजावता बजावता त्यांनी त्याच रुमालाने घाम पुसला.

"आजपासून रुईचं कूळ कण्हेरीत गेलं," एवढे ते म्हणाले आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

एका मुलीलाही रडू आले. मॅडमनी धावत येऊन सरांचे डोळे धुतले आणि त्यांना दवाखान्यात नेले. इजा झाली नाही, ही देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी चार मुले सरांना भेटायला आली. आवाज बारीक, माना खाली.

"सर, लई वाईट झालं."

"अरे, चिकानं झालं ते."

"हो सर," मुले समजूतदारपणे म्हणाली. एकानेही विश्वास ठेवला नाही.

०

प्रात्यक्षिक परीक्षेत सरांनी रुईचे फूल ओळखायला ठेवले. एका मुलाने लिहिले, "रुई. कूळ कण्हेरीचे." सर बराच वेळ त्या उत्तरापाशी थांबले. नंतर त्यांनी पूर्ण गुण दिले आणि समासात लिहिले, "उत्तर बरोबर. मला मान्य नाही."

न्यायाला याहून अधिक काही लागत नाही, असे माझे मत आहे.

०

चतुर्थीला मी राजूरला गणपतीच्या दर्शनाला जातो. एकदा सरही आले. बाहेर एकजण पांढऱ्या रुईच्या मुळाचे गणपती विकत होता. सरांनी खिशातून भिंग काढले.

"हे रुईचं मूळ न्हाई. बाभळीचं लाकूड हाय."

विक्रेता शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही मूळ बघून राह्यले. लोक सोंड बघतात."

मी हात जोडले. लाकूड कोणत्याही झाडाचे असो, जोडलेले हात खोटे नसतात. सोमवारी तो गणपती रुईच्या कपाटावर बसलेला दिसला. खाली सरांच्या अक्षरात चिठ्ठी होती: "बहुधा बाभूळ. तरीही."

०

धावड्याचे एक पन्नाशीचे गृहस्थ विभागात आले. दोन्ही बायका देवाघरी गेलेल्या. आता तिसरे लग्न ठरले होते. तिसरे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावायचे, अशी जुनी रीत. आमच्या कुंपणालगतची पांढरी रुई त्यांना कोणीतरी सांगितली होती.

"सर, पाच मिनटाचं काम हाय. झाड तोडणार न्हाई."

मला वाटले, सर त्यांना शास्त्र ऐकवतील. सरांनी विचारले, "मुलीकडून कोण उभं राहणार?"

"कोणीच न्हाई."

"मंग मी हाय की."

सरांनी टोपी घातली आणि रुईच्या बाजूने उभे राहिले. अक्षता पडल्या. पेढे विभागात वाटले. मॅडम पेढा खाता खाता म्हणाल्या, "सर, मुलीचं लग्न झालं. आता तरी तिला कण्हेरीच्या घरी पाठवा."

"लग्न झालं म्हणून काय झालं? जावईच एकटा गेला. माझी मुलगी हितंच हाय."

०

मॅडम हसून बोलल्या, तरी त्यांची काळजी खरी होती. विद्यापीठाची पाहणी समिती येणार होती. नमुने नव्या वर्गीकरणाप्रमाणे लावलेले नसले, तर विभागावर प्रतिकूल शेरा बसणार होता. सर त्याच महिन्यात निवृत्त होणार; शेरा मॅडमच्या कारकिर्दीच्या माथी येणार. किल्ली सरांच्या खिशात, आणि गुरूंकडे किल्ली मागणे मॅडमच्या स्वभावात नव्हते.

मी म्हणालो, "मॅडम, मी मागू का?"

"बिलकुल नाही, मामा. त्यांनी स्वतः दिली तरच घेईन."

समितीच्या आदल्या दिवशी रविवार होता. सरांनी मला बोलावले. किल्ली हातात होती.

"मामा, कण्हेरीचं कपाट उघडा."

मी उघडले. रुई आता येथे येणार, असे समजून फडके घेऊन जागा पुसू लागलो. सरांनी मला थांबवले. त्यांनी मोठे कपाट उघडले. खालचा कप्पा रिकामा करून ठेवलेला होता, त्यात नवा कागद अंथरलेला होता. कण्हेरीचे गठ्ठे त्यांनी एकेक करून त्या कप्प्यात नेऊन ठेवले. चाफ्याचा एक नमुना सैल झाला होता. त्याला टाका घातला. शेवटी दारावरची जुनी पाटी काढली आणि स्वतःच्या हाताने नवी लावली: "कण्हेर कूळ". गणपती होता तेथेच राहिला.

सोमवारी समितीच्या अध्यक्षांनी कपाट उघडले. ते सरांच्याच वयाचे होते. मॅडमचा चेहरा उतरला. हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

"रुई कण्हेरीत जायला हवी होती," अध्यक्ष म्हणाले. "इथं कण्हेरच रुईच्या कपाटात आलेली दिसते."

"कूळ एकच झालं ना सर?" बोराडे सर म्हणाले. "मंग ऱ्हायचं एका घरात. ज्याचं घर मोठं त्याच्यात. पाटी बराबर कण्हेरीची हाय."

अध्यक्षांनी पाटी पाहिली, कप्पे पाहिले, गणपतीखालची चिठ्ठी वाचली. "वर्गीकरण योग्य," असा शेरा लिहून सही केली. सरांनी किल्ली मॅडमच्या हातावर ठेवली. मॅडमनी ती डोळ्यांना लावली.

सगळे चहाला निघाले. अध्यक्ष मागे रेंगाळले. दारात कोणी नाही असे पाहून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक किल्ली काढली. पितळेची, हाताळून गुळगुळीत झालेली.

"आमच्या विभागातली, रुईच्या कपाटाची," ते हळू आवाजात म्हणाले.

सरांनी ती किल्ली पाहिली.

"आधी कण्हेरीचे गठ्ठे मोजून घ्या," ते म्हणाले.